मशीन आहे, हलणारच!

आमचं वॉशिंग मशीन चालायचं.

म्हणजे कपडे धुवायचं, ते तर आहेच. पण ते खरोखरचं चालायचं हो! भिंतीला टेकून उभं केलेलं मशीन स्पिन संपेपर्यंत ड्राय बाल्कनीच्या दारापर्यंत यायचं. एकदा तर प्लगची वायर ताणली गेली म्हणून थांबलं, नाहीतर स्वयंपाकघरात येऊन त्याने चहा मागितला असता.

आधी थोडी पार्श्वभूमी. अस्मादिक पदवीने मेकॅनिकल इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी जावा डेव्हलपर. आमच्या बॅचच्या निम्म्या पोरांची हीच कथा आहे. चार वर्षं थिअरी ऑफ मशिन्स वगैरे घोकायचं, शेवटच्या वर्षी कॅम्पसला जी आयटी कंपनी आधी येईल तिच्या गळ्यात माळ घालायची, आणि मग लग्नकार्यात भेटलेल्या प्रत्येक मावशीला "नाही हो, मिक्सर दुरुस्त करता येत नाही मला" असं सांगत फिरायचं. माझे बाबा एसटीच्या सातारा विभागातल्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. पदवी माझ्याकडे आणि पाने-पक्कड त्यांच्याकडे, अशी आमच्या घरातली वाटणी.

मशीनही मूळचं त्यांचंच. 2016 मध्ये साताऱ्याला घेतलेलं, सहा किलोचं, फ्रंट लोड. पुढे आईच्या गुडघ्यांना वाकून कपडे काढणं झेपेना, म्हणून 2023 च्या जूनमध्ये त्यांनी टॉप लोड घेतलं आणि हे आमच्या नव्या संसाराला आंदण म्हणून पुण्यात आलं. टेम्पोतून. (टेम्पोची गोष्ट पुढे येईलच. ती टाळता आली असती तर बरं झालं असतं.)

वाकडला तिसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर. सहा-सात महिने मशीनने काही कुरकुर केली नाही. 2024 च्या जानेवारीत मात्र सुरू झालं. धुताना शांत, खळबळून काढताना शांत. पॅनेलवर "9" आकडा आला, म्हणजे शेवटची नऊ मिनिटं उरली, की आधी घुर्र, मग धाड धाड धाड! आतला टब बाहेरच्या पत्र्यावर आपटायचा. मग मशीन आपणच थांबायचं, कपडे उलटेसुलटे फिरवायचं, परत प्रयत्न करायचं, परत धाड धाड. जुन्या विंडोजमध्ये फाइल कॉपी करताना "एक मिनिट शिल्लक" हे वाक्य वीस मिनिटं दिसायचं ना, तशी आमची नऊ मिनिटं पाऊण तास चालायची.

आम्ही दोघंही हिंजवडीहून घरी येणार नऊला. जेवण, आवराआवर आणि मग मशीन. म्हणजे हा धाडधाड सोहळा रोज रात्री साडेदहानंतर.

एका रात्री पावणेअकराला बेल वाजली. माझा अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता. हेडफोन कानात तसाच ठेवून दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या.

"अरे, ते तुमचं मशीन... जरा आवाज फार होतोय रे खाली."

"काकू, मशीन आहे, हलणारच!"

मी हसून म्हणालो होतो असं मला अजूनही वाटतं. पण काकू जिन्याकडे वळायच्या आत मी दार लावलं होतं, आणि ते बायकोने पाहिलं. ती काही बोलली नाही. (हे वाईट लक्षण असतं.)

आठवड्याभराने आमच्याकडे आणि काकूंकडेही काम करणाऱ्या मावशींनी तिला सांगितलं. काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. ते झोपतात ती खोली आमच्या ड्राय बाल्कनीच्या बरोब्बर खालच्या बाजूला. धाडधाड सुरू झालं की ते दचकतात, पाय हलतो आणि कळ जाते. म्हणून आमचं मशीन थांबेपर्यंत काकू त्यांच्या उशाशी बसून काहीबाही बोलत राहतात.

त्या रात्री बायकोने कपडे स्पिनच्या आधीच बाहेर काढले. "हे नीट होईपर्यंत स्पिन बंद," असा निकाल दिला आणि माझी जीन्स माझ्याच हातात ठेवली. ओली जीन्स हाताने पिळून बघा एकदा. वॉशिंग मशीनबद्दलचा आदर शंभर पटीने वाढतो.

तर आता हे प्रकरण घ्यायलाच हवं होतं. आणि मी काय केलं? बग आला की नवखा डेव्हलपर जे करतो तेच. एका वेळी चार गोष्टी बदलल्या. रबरी बुटं मागवून पायांखाली घातली, कपडे निम्मे केले, पावडर बदलली (का, ते विचारू नका) आणि मशीन भिंतीच्या कोपऱ्यात सरकवलं. रविवारी दुपारी, काका जागे असतील अशा वेळी, एक ट्रायल घेतली. आवाज किंचित बदलला. चारांपैकी कशाने, ते देवाला माहीत. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास ज्ञान पाजळलं असतं.

सगळं होतं तसं परत ठेवलं आणि साताऱ्याला फोन लावला.

बाबा म्हणाले, "आधी ते सपाट उभं आहे का बघ."

ड्राय बाल्कनीची फरशी सपाट नसतेच, हे मला तेव्हा कळलं. पाणी नाणी ट्रॅपकडे जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. मी ऐटीत फोनमधलं लेव्हल दाखवणारं अॅप उघडलं आणि फोन मशीनवर ठेवला. पण माझ्या फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा एवढा मोठा उंचवटा आहे की तो देवघरात ठेवला तरी तिरकाच बसेल. बाबा म्हणाले, "ताटात पाणी घालून ठेव वर." ताटातलं पाणी उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्याकडे गेलं. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबून पाहिले, तर मशीन चक्क डुगडुगत होतं. एक पाय हवेतच!

फ्रंट लोडचे पाय स्क्रूचे असतात, फिरवून लांब-आखूड करता येतात. तो पाय उतरवला आणि त्यावरचं चेकनट वर पत्र्याला टेकेपर्यंत घट्ट केलं. हे नट ढिलं राहिलं तर पाय कंपनाने परत फिरतो आणि आठवड्याभरात येरे माझ्या मागल्या. आता मशीन जागचं हलेना. पाय फुटलेलं मशीन ताळ्यावर आलं म्हणून मला आनंद झाला, पण फार टिकला नाही. आतली धाडधाड तशीच होती.

म्हणजे बग दोन होते. चालणं वेगळं आणि धडकणं वेगळं. मी एक सोडवला होता. कमी महत्त्वाचा.

मग टेक्निशियनला बोलावलं. तो आला, स्पिन लावून अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "सर, बेअरिंग गेलंय. टब उतरवायला लागेल. साडेसहा हजार. त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवीन घ्या, मी करून देतो." एकूण मुक्काम सात मिनिटं. त्याला दोष देत नाही. त्याच्या दिवसभरात अशी दहा-बारा घरं असणार आणि सगळ्यांना "आजच या" असं हवं असणार. नवीन मशीनसाठी मी फोनवर कार्ड काढलंही होतं. बायको म्हणाली, "त्याने ड्रमला हात तरी लावला का?"

नव्हता लावला.

बेअरिंग तपासायला काही उघडावं लागत नाही. मशीन बंद करून, दार उघडून रिकामा ड्रम हाताने फिरवायचा. बेअरिंग गेलं असेल तर आतून खरखर येते, जात्यासारखी. मग ड्रमची पुढची कड धरून वर-खाली हलवायची. फक्त ड्रम हलला आणि मागचा टब स्थिर राहिला, तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. ड्रम आणि टब एकत्र झुलले तर ठीक, कारण टब स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. आमच्याकडे ना खरखर, ना खेळ. शिवाय बेअरिंग गेलेलं मशीन पूर्ण वेगात विमान उडाल्यासारखं गर्जतं. आमचं गर्जत नव्हतं, आपटत होतं.

परत सातारा.

"बाबा, बेअरिंग नाहीये."

"बरं. किती वेगावर हलतंय?"

"स्पिनला."

"अरे, स्पिन म्हणजे काय एकच वेग असतो का? गाडी चाळीसला थरथरते का ऐंशीला, हे विचारल्याशिवाय आम्ही बॉनेट उघडत नव्हतो. आणि तू इंजिनिअर!"

लागलं ते. पण प्रश्न अचूक होता. इतके दिवस मी "स्पिनला हलतं" असं म्हणत होतो. म्हणजे "सर्व्हर कधीकधी पडतो" असं तिकीट लिहिणाऱ्या माणसात आणि माझ्यात काही फरक नव्हता. नेमकं कधी, हे मी बघितलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी फोन स्टुलावर ठेवून पूर्ण स्पिनचं रेकॉर्डिंग केलं आणि नंतर शांतपणे धाड मोजले. सेकंदाला तीन. एका फेऱ्याला एक धाड धरला तर मिनिटाला 180 फेरे. आमच्या मशीनचा पूर्ण वेग 1000. म्हणजे हा सगळा तमाशा वेग चढतानाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर होता. चार प्रयत्नांत एकदा मशीन तो टप्पा ओलांडून पुढे गेलं, तेव्हा काय आश्चर्य, वर 1000 ला जवळपास शांत! नुसती गुणगुण. आणि शेवटी वेग उतरताना परत त्याच ठिकाणी, सेकंदाला तीन, धाड धाड धाड.

आणि इथे दहा वर्षं मनाच्या माळ्यावर पडलेला एक आलेख डोळ्यांपुढे आला. टॉमच्या, म्हणजे थिअरी ऑफ मशिन्सच्या, पेपरला हमखास येणारा. एक उंच डोंगर आणि पुढे लांबलचक उतार. मी तो पाठ करून काढला होता आणि गुणही मिळवले होते. तो कशाचा आहे हे मात्र ड्राय बाल्कनीत कळलं.

सोप्या भाषेत सांगतो. टब वरून स्प्रिंगांवर टांगलेला असतो, म्हणजे तो एक झोपाळाच. प्रत्येक झोपाळ्याची स्वतःची एक लय असते आणि त्याच लयीत धक्के दिले तर तो वाढत वाढत जातो. फ्रंट लोडच्या टबाची ही लय साधारण मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास येते. कपडे ड्रममध्ये कधीच अगदी सारखे पसरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला टबाला एक धक्का बसतो. वेग चढताना मशीनला या लयीतून जावंच लागतं, उतरतानाही. तेवढ्या वेळापुरता झोपाळा आवरून धरायला खाली डँपर लावलेले असतात. आमच्या मशीनला दोन. आत घर्षणाचं अस्तर असलेला एक दांडा, नळीत मागेपुढे सरकणारा. आपल्या बाइकला शॉकअप असतो त्याचाच हा गरीब भाऊ. आणि वेग या लयीच्या रूट टू पट, म्हणजे 1.41 पटीच्या, पुढे गेला की स्प्रिंगाच धक्के अडवायला लागतात. तिथे डँपरचं काम जवळपास संपतं.

म्हणजे खालच्या वेगाला आपटणं आणि वरच्या वेगाला शांत, याचा संशयित एकच!

कपडे सारखे न पसरण्याला मी आधी फार किंमत देत नव्हतो. मग एक हिशोब केला. समजा एका बाजूला अर्धा किलो ओलं कापड जास्त आहे आणि ड्रमची त्रिज्या 24 सेंटिमीटर आहे. एम ओमेगा स्क्वेअर आर. 1000 च्या वेगाला हे अर्धा किलो जवळपास 134 किलोच्या जोराने बाहेर ओढतं. वेग 400 केला तर 21 किलो. एक भिजलेली बाथमॅट दोन माणसांच्या वजनाने सेकंदाला सोळा-सतरा वेळा भिंग्री मारतेय, असं समजा. म्हणून तर टबाला काँक्रीटचे ठोकळे बांधलेले असतात (मशीन एवढं जड का, याचं हे उत्तर) आणि म्हणून एकटी बाथमॅट किंवा एकटी चादर लावायची नसते. चार टॉवेल जोडीला टाकायचे. मशीन मध्येच थांबून कपडे उलटेसुलटे फिरवतं तेही यासाठीच. मोटरचा वेग एका फेऱ्यात किती कमी-जास्त होतो त्यावरून त्याला भार एका बाजूला गेल्याचं कळतं. बिचारं मशीन पहिल्या दिवसापासून एरर सांगत होतं. मी वाचत नव्हतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. आलेख, रूट टू, सगळं. ते म्हणाले, "म्हणजे शॉकअप गेलाय. वरचं झाकण काढ, टब खाली दाब आणि सोड. आम्ही जीपचा बंपर दाबून बघायचो तसं."

प्लग काढला, मागचे दोन स्क्रू काढले, वरचं झाकण मागे सरकवून उचललं. टब दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. एकदा खाली, एकदा वर आणि गप्प, असं व्हायला हवं होतं. आमचा टब पाच-सहा वेळा डुलला आणि मग आरामात थांबला. मेकॅनिकलची चार वर्षं आणि माझं रेकॉर्डिंग एकीकडे, आणि हे दोन सेकंद एकीकडे!

नळ बंद केला, खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी काढलं (एक रुपयाची तीन नाणी आणि एक हेअरपिन मिळाली) आणि मशीन भिंतीला तिरकं टेकवून पुढच्या पायांखाली लाकडी पाट सरकवला. बायकोने टॉर्च धरला. डावा डँपर जागेवर होता. उजवा खालून सुटून लोंबकळत होता. त्याला तळाशी पकडून ठेवणारी करंगळीएवढी प्लॅस्टिकची पिन तुटली होती. तिचा अर्धा तुकडा तळाच्या पत्र्यावरच सापडला.

तो हातात घेतला आणि पोटात खड्डा पडला.

तुटलेल्या जागेचा अर्धा भाग पांढरा, ताजा होता. उरलेला अर्धा काळपट, त्यात पावडरीचा थर बसलेला. हे मटेरियल्सच्या पहिल्या वर्गात शिकवतात. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. पिन जानेवारीत तुटली नव्हती. जानेवारीत ती फक्त निखळली. तडा कधीच गेलेला होता.

आता टेम्पोची गोष्ट.

फ्रंट लोड मशीन नवीन येतं तेव्हा मागून चार लांब बोल्ट घालून आतला टब जखडलेला असतो, प्रवासात तो हिंदकळून स्प्रिंगा आणि डँपर मोडू नयेत म्हणून. बसवताना ते काढायचे आणि जपून ठेवायचे. परत कधी मशीन हलवायचं झालं तर आधी लावायचे. बाबांनी 2016 पासून ते श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी : "वॉ. मशीन. मागचे 4 बोल्ट. हलवताना लावणे." पिशवी माझ्या हातात देऊन ते बँकेत गेले. टेम्पोवाला घाई करत होता, आभाळ भरून आलं होतं, दहा नंबरचा पाना सापडत नव्हता. मी पिशवी सॅकमध्ये टाकली. मशीन गादी आणि कपाटाच्या मध्ये आडवं घातलं. खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या त्या एस वळणावर मागून एक मोठा आवाज आला होता, तोही मी ऐकला होता.

रात्री बाबांचा फोन. "बोल्ट लावले होतेस ना?" हो. "आता काढलेस ना? राहिले तर मशीन उडेल." काढले.

एका फोनमध्ये दोन थापा. आणि दुसरी तर पहिली टिकवण्यासाठी.

आमच्याकडे कोडची एखादी ओळ कुणी बिघडवली हे बघायला गिट ब्लेम नावाची कमांड असते. प्रत्येक ओळीपुढे शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव येतं. कंपनीत प्रत्येकाला एकदा तरी हा अनुभव येतो : तावातावाने कमांड चालवावी आणि स्वतःचंच नाव यावं. गेला महिनाभर मी फरशीला, पावडरीला, टेक्निशियनला आणि मनातल्या मनात काकूंच्या तक्रारखोरपणालाही बोल लावत होतो. पिनेच्या तुकड्यावर माझं नाव होतं. जून 2023.

सोमवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या बाजूला गेलो. पहिल्या दुकानाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने विचारलं, "किती न्यूटनचा?" मी बघतच राहिलो. बाजारात उभं राहून कुणी मला न्यूटनमध्ये प्रश्न विचारेल असं कॉलेजात कधी वाटलं नव्हतं. डँपरवर त्याचा जोर छापलेला असतो, 80, 100, 120 असा, आणि जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घ्यायचा. जुना डँपर सॅकमधून काढून दाखवला. "जोडीच न्या. एक नवा, एक जुना चालत नाही." जोडी आणि चार पिना मिळून साडेनऊशे रुपये. नव्या डँपरचा दांडा हाताने ओढताना दम लागत होता. जुना इंजेक्शनच्या सिरिंजसारखा सुळकन सरकत होता. महिनाभर एकट्याने दोघांचं काम करून डाव्याचंही तेच झालं होतं.

बसवायला दीड तास लागला. त्यातला एक तास पहिल्या पिनेचा. तिला एक खटका असतो, तो दाबून धरल्याशिवाय ती बाहेर येत नाही, हे कळायला. दुसरी पिन सात मिनिटांत. मग टब दाबून सोडला. एकदा खाली, एकदा वर. गप्प.

पण टेस्टिंग राहिलं होतं. आणि खरी टेस्ट आमच्या घरात होणारच नव्हती. कपडे भरले, बायकोला सांगितलं, "मी फोन केला की स्पिन लाव," आणि खाली जाऊन काकूंची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. "काकू, त्या दिवशी मी जे बोललो... चूक मशीनची नव्हती, माझी होती. आता दुरुस्त केलंय. तुमच्याकडून ऐकून बघायचंय."

त्यांनी दोन सेकंद बघितलं आणि "ये आत," म्हणाल्या.

काका कॉटवर पडून होते, शेजारी वॉकर. मी त्यांच्या टीपॉयवरचा पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि त्यातल्या पाण्याकडे बघत बसलो. फोन केला. वर बायकोने बटण दाबलं. काकूंनी सवयीने काकांच्या उशाशी खुर्ची सरकवली. ते बघून मला कुठे बघावं ते कळेना. पाण्यावर एक बारीक लहर आली, थरथरली आणि गेली. मग वरून पंख्यासारखी गुणगुण.

जरा वेळाने काका म्हणाले, "लावू दे ना आता. आम्ही तयार आहोत."

"काका, संपत आलं."

काकूंनी चहा टाकला. काका बँकेतले. पिनेचा तुकडा दाखवला तर त्यांनी चष्मा लावून उलटसुलट बघितला आणि विचारलं, "एवढ्याशाने?"

रात्री साताऱ्याला फोन केला. मशीन नीट झालं, डँपर जोडीने बदलले, साडेनऊशे लागले, सगळं सांगितलं. मग थांबलो.

"बाबा, ते बोल्ट मी लावले नव्हते. येताना."

"माहितेय."

"कसं?"

"दहा नंबरचा पाना तेव्हा माझ्या स्कूटरच्या डिकीत होता. लावणार कशाने?"

आठ महिने ते गप्प होते. विचारलं तर म्हणाले, "तू विचारतोस का ते बघत होतो." पुढे आईने फोन घेतला आणि आम्ही नेहमीसारखे जेवणाकडे वळलो.

मशीन तेव्हापासून बरं आहे. फक्त स्पिन आम्ही 800 वर ठेवतो आणि रात्री नऊनंतर लावत नाही, कारण डँपर कितीही नवे असले तरी काकांचं छत ते छतच. बोल्टांची पिशवी मशीनच्या मागे वायर-टायने बांधून ठेवली आहे, चिठ्ठीसकट. पुढचं घर बदलायचं येईल तेव्हा टेम्पोवाला घाई करणारच. दहा नंबरचा पानाही त्याच पिशवीत आहे. :-)

असो. नऊ मिनिटं झाली. कपडे वाळत घालायचेत.